मासे कोण मोजणार?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पापलेटला ‘राज्य मासा’ म्हणून घोषित केले. पूर्ण वाढ होण्याआधीच जाळ्यात सापडणारी पापलेटची पिले हा कोकण किनाऱ्यावरील जुना आणि गंभीर प्रश्न आहे. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हा मान दिला गेला असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र त्या निमित्ताने राज्याच्या गोड्या पाण्याची आठवण फारशी कोणाला झाली नाही. देशातील सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. या धरणांमागच्या जलाशयांत किती पाणी आहे, हे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत टक्क्यांच्या दशांशापर्यंत छापून येते. त्या पाण्यात कोणते मासे आहेत, त्यांतील कोणते वाढत आहेत आणि कोणते संपत चालले आहेत, याची अशी नियमित नोंद वाचकाच्या पाहण्यात कधी येत नाही.

ही नोंद कोण ठेवू शकेल, या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर पवई, लोणावळा, पवना, मुळशी अशा तलावांच्या काठी अधूनमधून उभे असलेले दिसते. हातात लांब, लवचिक काठी, डोक्यावर टोपी आणि पाण्यावर पुन:पुन्हा फेकली जाणारी एक जाडसर दोरी. तासन् तास उभे राहून एखादा मासा लागला, तर हा गृहस्थ तो न्याहाळतो, कदाचित छायाचित्र घेतो आणि पुन्हा पाण्यात सोडून देतो. काठावरच्या भोई समाजातील मंडळींना हा प्रकार वेडेपणाचा वाटतो आणि वनरक्षकाला संशयास्पद. दोघांचेही अगदीच चुकते असे नाही. तरीही या हौशी माणसाकडे जरा गंभीरपणे पाहण्याची वेळ आली आहे. त्याचे कारण कावेरी नदीत घडलेल्या एका शोकांतिकेत आहे आणि त्या शोकांतिकेचा एक धागा थेट लोणावळ्याला येऊन पोहोचतो.

प्रथम या छंदाविषयी थोडेसे. साध्या गळाच्या मासेमारीत आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला वजन असते आणि ते वजन दोरीला ओढत नेते. फ्लाय फिशिंगमध्ये नेमके उलटे असते. गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेली नकली माशी जवळजवळ वजनरहित असते. वजन असते ते दोरीत. ती दोरी हवेत मागे-पुढे लहरवत माशी हव्या त्या ठिकाणी अलगद उतरवायची, हे यातील कौशल्य. (माशाला माशीने फसवायचे, ही गंमत मराठीतच जमते.) इंग्लंड-स्कॉटलंडच्या थंड ओढ्यांत ट्राऊट आणि सामन यांच्यासाठी ही पद्धत वाढली, त्यामुळे फ्लाय म्हणजे ट्राऊट आणि ट्राऊट म्हणजे थंड पाणी, असे समीकरण रूढ झाले. उष्ण पाण्यातील माशांकडे या छंदाचे लक्ष त्या मानाने उशिरा वळले. आपल्या तलावांतला खवल्यांचा राजा म्हसीर पाण्यात पोहणाऱ्या पिलासारख्या दिसणाऱ्या माशीवर झडप घालतो. मरळ पाण्याच्या पृष्ठभागावर बेडकासारखी उडी मारणाऱ्या बुचाच्या माशीवर तुटून पडतो. चिलापी लहानशा निंफवर येते. कटला मात्र पाणी गाळून सूक्ष्म जीवांवर जगतो, त्यामुळे तो या माणसाला सहसा दाद देत नाही.

ट्राऊटचे उदाहरण येथे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. हा मासा मूळचा आपला नव्हे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये आणि त्यानंतर कुलू खोऱ्यात आणला गेला. आज हिमाचल प्रदेशात या परक्या माशासाठी शासकीय बीजकेंद्रे आहेत, गळाने मासे धरणाऱ्यांसाठी मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना आहे आणि विणीच्या काळात, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर, ट्राऊटची मासेमारी बंद असते. परक्या माशाच्या पाहुणचारासाठी एवढी व्यवस्था उभी राहू शकते. दख्खनच्या स्वत:च्या माशाच्या वाट्याला असे काही का येऊ नये?

गळाने मासे धरण्याचा विनोद हा साहेबांनी आणलेला शौक आहे, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो टिकणारा नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांचे निवासस्थान, त्यांना आवडणारे खाद्य आणि त्यांना गळाने धरण्याची रीत यांचे त्यात वर्णन आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दख्खनच्या राजाला आपल्या नद्यांतील माशांची नावे आणि सवयी माहीत होत्या. नऊशे वर्षांनंतर त्याच प्रदेशातील जलाशयांचा कारभार पाहणाऱ्यांविषयी असे छातीठोकपणे सांगता येईल काय?

आता लोणावळ्याकडे वळू. १८३९ मध्ये कर्नल सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत सापडणाऱ्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला स्थानिक नावावरून ‘खुद्री’ हे नाव दिले. हाच आजचा ‘टॉर खुद्री’, दख्खनचा म्हसीर, ज्याला निळसर परांमुळे निळ्या परांचा म्हसीर असेही म्हणतात. म्हणजे या माशाचे शास्त्रीय जन्मगाव पुणे जिल्हा. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली. पुढे शहर वाढले, नदीचे काय झाले ते पुणेकरांना सांगायला नको. २००३ मध्ये पुण्यातील संशोधकांनी जुन्या याद्या हाती घेऊन पुन्हा पाहणी केली, तेव्हा पूर्वीच्या नोंदींतील काही जाती त्यांना आढळल्या नाहीत. ही तुलना शक्य झाली ती केवळ कोणीतरी साठ वर्षांपूर्वी यादी करून ठेवली होती म्हणून.

म्हसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडीच्या उथळ पात्रात अंडी घालतो. धरणांनी त्याची वाट अडवली, सांडपाण्याने डोह नासवले आणि जिलेटीनच्या कांड्यांनी उरलेसुरले संपवले. काही ठिकाणी श्रद्धेने त्याला वाचवले. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळणकोंडीचा डोह, वाडा तालुक्यात वैतरणेवरील तिळसे येथील मंदिराखालचा डोह, येथील मासे देवाचे मानले जातात आणि त्यांना कोणी हात लावत नाही. परंतु देवाचा डोह हा शे-दोनशे हातांचा तुकडा असतो. त्याच्या वरची आणि खालची नदी देवाच्या नावावर नसते.

अशा परिस्थितीत १९७०च्या दशकात लोणावळ्याजवळच्या वळवण तलावावर टाटा वीज कंपनीने म्हसीरच्या कृत्रिम प्रजननाचे काम हाती घेतले. खोपोलीच्या वीजगृहासाठी बांधलेल्या या तलावांत मासा तग धरून होता. डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी त्याची अंडी काढून ती फलित करण्याचे, पिले वाढविण्याचे तंत्र बसविले. ही अंडी ओल्या कापसात ठेवून दूरवर, अगदी विमानानेही पाठविता येतात, असे त्यांना आढळले. मग लोणावळ्याचा म्हसीर देशाच्या निरनिराळ्या भागांत जाऊ लागला. सुमारे पन्नास वर्षांच्या या कामाचे फळ असे की, जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत एकेकाळी ‘संकटग्रस्त’ असलेला टॉर खुद्री २०१८च्या मूल्यमापनात ‘किमान चिंतेच्या’ गटात आला. भारतीय गोड्या पाण्यातील माशाबाबत असे फार क्वचित घडते. महाराष्ट्राने याचा अभिमान बाळगावा, यात शंका नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही.

लोणावळ्याची पिले जेथे गेली त्यांत दक्षिणेतील कावेरीही होती. कावेरीत स्वत:चा म्हसीर होता. पाठीवर उंच कुबड असलेला, नारिंगी परांचा आणि आकाराने जगातील सर्वात मोठ्या म्हसीरांपैकी एक. १९४६ मध्ये कावेरीच्या उपनदीत, काबिनीत, म्हैसूरच्या व्हॅन इंजेन कुटुंबातील एकाने १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा मासा गळाने धरला. तो विक्रम आजही सांगितला जातो. स्वातंत्र्यानंतर अतिमासेमारी आणि स्फोटके यांनी कावेरीतील साठा घटला. सत्तरच्या दशकात दक्षिण भारतातील काही वन्यजीवप्रेमी व गळबहाद्दरांनी एकत्र येऊन नदीचा एक पट्टा भाड्याने घेतला. पुढे शासकीय पर्यटन कंपनीनेही भीमेश्वरी, गालीबोरे, दोड्डमकळी येथे तंबू उभारले. देशोदेशीचे लोक पैसे मोजून तेथे येत, मासा धरत, वजन करून सोडून देत. पूर्वी चोरटी मासेमारी करणारी स्थानिक माणसेच वाटाडे आणि पहारेकरी म्हणून पगारावर राहिली. नदी पुन्हा भरावी म्हणून त्याच सद्हेतूने लोणावळ्याच्या म्हसीरची पिलेही सोडली गेली. मासा म्हसीरच, नदीही भारतातलीच, मग बिघडले कुठे, असाच विचार त्या वेळी सर्वांनी केला असावा.

काय बिघडले ते कोणाच्याही लक्षात आले नसते. शासनाकडे मोजणी नव्हती, विद्यापीठांकडेही नव्हती. परंतु गालीबोरेच्या तंबूत एक वही होती. कोण आला, किती तास गळ टाकून बसला, कोणता मासा लागला, किती वजनाचा, हे त्या वहीत रोज लिहिले जात असे. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी अॅड्रियन पिंडर, राजीव राघवन आणि रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेवीस हजारांहून अधिक तासांची मेहनत आणि सहा हजारांहून अधिक मासे, अर्ध्या किलोपासून सुमारे ४७ किलोंपर्यंतचे, एवढा ऐवज त्या वहीत होता. त्यातून जे चित्र उभे राहिले ते धक्कादायक होते. निळ्या परांचा पाहुणा वर्षागणिक वाढत होता आणि त्यात लहान मासे भरपूर होते. कुबडा म्हसीर कमी कमी होत होता, आणि जो सापडत होता तो मोठाच असे.

मोठाच मासा सापडतो ही गळ टाकणाऱ्याला आनंदाची बातमी वाटेल. वस्तुत: ती मृत्यूची वार्ता होती. लहान मासे दिसेनासे होणे याचा अर्थ नवी पिढी येत नाही. गावात फक्त म्हातारी माणसे उरावीत तसे ते होते. बाहेरून आणलेल्या म्हसीरने अन्न आणि विणीच्या जागा बळकावल्या असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज आहे. धरणे, वाळूउपसा आणि घटते पाणी यांचाही वाटा असणारच, सारा दोष एकट्या पाहुण्यावर टाकता येणार नाही.

याहून विलक्षण म्हणजे, ज्या माशासाठी जगभरातून माणसे दीडशे वर्षे येत होती, त्याचे शास्त्रीय नावच निश्चित नव्हते. २०१८ मध्ये मोयार नदीतील नमुन्यांच्या आधारे संशोधकांनी, ज्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते, हा मासा म्हणजे केरळातील पांबार नदीतून आधी वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’च असल्याचे दाखवून दिले. नाव मिळाले आणि त्याच वर्षी लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ हा शिक्काही मिळाला. म्हणजे २०१८च्या एकाच मूल्यमापनात लोणावळ्याचा मासा वाचलेल्यांच्या रांगेत गेला आणि कावेरीचा मासा मरणोन्मुखांच्या.

आणि ती वही? ती बंद झाली. कावेरी वन्यजीव अभयारण्यात गळाने मासे धरणे ही वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार शिकारच ठरते, असा अर्थ लावला गेला आणि २०१०च्या आसपास सुरू झालेल्या या प्रक्रियेची अखेर २०१२ पर्यंत तंबूंतील मासेमारी थांबण्यात झाली. कायद्याच्या भाषेत पाहता हा अर्थ अगदीच ओढूनताणून काढलेला नाही. ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत मारण्याबरोबरच पकडणे आणि आमिष दाखविणेही येते, मग नंतर सोडून दिले काय किंवा न दिले काय. अभयारण्य हे वाघ-हत्तींइतकेच माशांचेही घर आहे, ही भूमिकाही मूलत: योग्य आहे. पण तिचा व्यवहारातील परिणाम काय झाला? पैसे देऊन येणारा गेला, त्याच्याबरोबर पगारी पहारेकरी गेले आणि नोंदही गेली. सुरुंग लावणाऱ्याला मात्र कायद्याचा अर्थ पूर्वीही ठाऊक नव्हता, आताही नाही. स्फोटके आणि विष यांनी मासे मारण्यास १८९७च्या कायद्यानेच मनाई केली होती. सव्वाशे वर्षांत त्या मनाईचा किती धाक बसला, हे कोणत्याही नदीकाठच्या गावात विचारावे.

आता महाराष्ट्रातील जलाशयांकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? धरण पाटबंधारे खात्याचे किंवा वीज कंपनीचे, पाणी शहराचे आणि कारखान्यांचे, काठ जमीन घेणाऱ्यांचे आणि मासे ठेक्याचे. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांना द्यावा, हे तत्त्व न्याय्य आहे. अनेक तलावांखाली गावे बुडाली आहेत. मुळशीच्या पाण्याखाली काय आहे हे सेनापती बापटांच्या महाराष्ट्राने तरी विसरू नये. ज्यांची जमीन गेली त्यांना त्या पाण्यातून निदान मासळी मिळावी, ही अपेक्षा रास्त आहे. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी संस्था कागदावर एकाची आणि जाळी दुसऱ्याची, असे चित्र असते. ठेकेदाराला ठेक्याच्या मुदतीत पैसे वसूल करायचे असतात. तो कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतो आणि बारीक आसाची जाळी ओढतो. स्थानिक माशांची त्याला गरज नसते.

शिवाय न बोलावलेले पाहुणे आहेत. आफ्रिकेतून आलेली चिलापी आता उजनीसारख्या जलाशयात इतकी रुळली आहे की, भिगवणच्या हॉटेलांत ती स्थानिक मासळी म्हणून खाल्ली जाते. तोंडात पिले सांभाळणारा, कमी प्राणवायूत आणि घाणेरड्या पाण्यात टिकणारा हा मासा एकदा शिरला की त्याला काढणे जवळजवळ अशक्य. आफ्रिकी मांगूरचे तर विचारूच नका. त्याच्या पालनावर केंद्राने २०००मध्ये बंदी घातली, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाला २०१९मध्ये पुन्हा आदेश द्यावे लागले, तरी मांगूरची तळी उद्ध्वस्त केल्याच्या बातम्या येतच राहतात. तळ्यातून पुरात नदीत आणि नदीतून धरणात गेलेल्या मांगूरची गणती कोणी केली आहे? कावेरीत निदान वही होती. भीमा-कृष्णेच्या खोऱ्यात कोणता कुबडा म्हसीर, कोणता लहानसा निनावी मासा याच रीतीने निरोप घेत असेल, तर तो आपल्याला कळणारही नाही.

मुंबईत पवईचे उदाहरण आहे. १८९१च्या सुमारास पाणीपुरवठ्यासाठी बांधलेला हा तलाव लवकरच पिण्यासाठी निरुपयोगी ठरला आणि कित्येक दशके गळाने मासे धरणाऱ्यांच्या संघटनेचे तेथे ठाण राहिले. आज तेथे सांडपाणी आहे, जलपर्णी आहे आणि मगरीही आहेत. काठाने सायकल मार्ग बांधण्याचे महापालिकेचे काम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवून ते काढून टाकण्यास सांगितले. त्या साऱ्या वादात तलावाच्या आकाराची, पाणथळ जागेच्या व्याख्येची, मगरींची चर्चा झाली. मासे हा विषय फारसा कोणाच्या तोंडी आला नाही. पाण्याची प्रत सांगणारा सर्वात स्वस्त साक्षीदार मासा असतो, पण त्याला साक्षीला बोलवायचे तर कोणीतरी त्याला भेटायला हवे.

गळवाल्या हौशी माणसांना तलावांवर रीतसर स्थान द्यावे, या सूचनेवर दोन आक्षेप येतील. पहिला भूतदयेचा. खेळासाठी माशाच्या ओठात काटा रुतवणे हे क्रौर्यच आहे, असे म्हणणाऱ्याला सहज निरुत्तर करता येणार नाही. सोडून दिलेला प्रत्येक मासा जगतोच, असेही नाही. उष्ण पाण्यात तर हा धोका अधिक. वीस अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांना तो साडेसातवर येतो. त्याच वेळी झुंजून दमलेल्या माशाला प्राणवायू अधिक लागतो. मे महिन्याच्या दुपारी दहा मिनिटे खेळवलेला आणि छायाचित्रासाठी पाण्याबाहेर धरलेला म्हसीर सोडल्यावर पोहत गेला, म्हणजे वाचला, असे समजणे भाबडेपणाचे आहे. म्हणून हंगाम ठरला पाहिजे. विणीचा पावसाळा पूर्ण बंद, कडक उन्हाळाही बंद, साधारण ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी एवढाच काळ खुला. उलटा काटा नसलेला एकच गळ, जेणेकरून मासा क्षणात सुटेल. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. या अटी ज्याला जाचक वाटतात त्याने चौपाटीवर पतंग उडवावा.

दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. आणि तो वर्गाचा आहे. आयात केलेली महागडी काठी घेऊन मोटारीतून आलेल्या माणसासाठी भोयाचे पाणी बंद करायचे काय? तसे होणार असेल तर ही सूचना मुळीच मानू नये. गोल्फची मैदाने आणि खासगी किनारे यांचा अनुभव ताजा आहे. पण येथे गरज आहे ती जाळे हटविण्याची नव्हे, तर परवान्याच्या शुल्कातील ठरावीक वाटा मच्छीमार संस्थेला देण्याची आणि वाटाडे, नावाडी, पहारेकरी तिच्याच सभासदांतून घेण्याची. कावेरीच्या तंबूंत हे वर्षानुवर्षे चालले होते. चिलापी आणि मांगूर सोडून न देता संस्थेकडे जमा करायचे, असा नियम केला तर दोघांचे हित एकाच दिशेला वळते. पाच किलोंचा म्हसीर बाजारात एकदाच विकला जातो, हा हिशेब भोई समाजाला समजावून सांगावा लागत नाही. त्यांना फक्त दुसऱ्या हिशेबातील पैसे कधी मिळालेले नाहीत.

या सर्वांच्या मुळाशी असलेली अट मात्र एकच असावी : नोंदवही भरल्याशिवाय परवान्याचे नूतनीकरण नाही. किती तास, कोणत्या जागी, कोणता मासा, किती लांबीचा आणि काहीच मिळाले नाही तर तेही. रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांची नोंद शास्त्रज्ञाला भरलेल्या दिवसांइतकीच उपयोगी असते आणि गळवाले नेमकी तीच लपवतात, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. या वह्या वर्षअखेरीस मत्स्यव्यवसाय खात्याकडे आणि पुण्यात असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे जाव्यात. त्या कोणालाही पाहता याव्यात.

सुरुवात लोणावळ्यापासून व्हावी. वळवण आणि शिरवता हे तलाव एकाच कंपनीच्या ताब्यात आहेत, पहारा आहे, बीजकेंद्र आहे, अर्ध्या शतकाचा अनुभव आहे. ज्या माशाची बोटुकली तेथून देशभर गेली, तो त्याच्या स्वत:च्या तलावात आज कोणत्या वयाचा, किती आणि कोणाच्या सोबतीने राहतो आहे, हे चार-पाच हंगामांच्या नोंदींतून कळू शकेल. आणि तोवर एका खोऱ्यातील म्हसीरची पिले दुसऱ्या खोऱ्यात सोडण्याचे कार्यक्रम, मग ते कितीही समारंभपूर्वक होत असोत, थांबवले पाहिजेत.